हिरवा की निळा, हा प्रश्न अर्धाच आहे

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करताना लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधायला कोणता रंग वापरावा, यावर गोव्यात डॉक्टर मंडळी एकत्र आली की हल्ली हटकून वाद होतो. तो आता रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंतही पोचला आहे. एक बाजू म्हणते, पाश्चात्त्य देशांत हिरवा रंग रुळला असताना आमच्या बायकांना अजून निळा का? सरकारी इस्पितळात येते म्हणून तिला दुय्यम उपचार घ्यायचे का? दुसरी बाजू म्हणते, हिरव्यामागे कॅमेरे विकणाऱ्या कंपन्या आहेत. निळा रंग वर्षानुवर्षं चालत आला आहे, तो स्वस्त आहे, आणि कॅमेऱ्यावर घालायचा पैसा औषधांवर घातला तर जास्त जीव वाचतील. दोघांनाही रुग्णाचं भलं हवं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण एकजण प्रतिष्ठेचं माप लावतो, दुसरा खर्चाचं. आणि जिच्या अंगात हा रंग टोचायचा, तिचं पुढे काय होतं ते दोन्ही मापांतून निसटतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. हिरवा रंग, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, या कामासाठी सरस आहे आणि सार्वजनिक इस्पितळानं तो घ्यावा. त्याचं कारण मात्र ‘त्यानं ग्रंथी जास्त दिसतात’ एवढ्यावर थांबत नाही. ज्या बाजूची पहिली ग्रंथी सापडत नाही, त्या बाजूच्या ओटीपोटातल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतात. हिरव्यामुळे ही वेळ कमी बायकांवर येते. हे कारण पटलं की त्याच्या मागोमाग येणारी गोष्टही पटवून घ्यावी लागते: काढलेली ग्रंथी नीट तपासणारी प्रयोगशाळा नसेल, तर नुसता कॅमेरा घेऊन रुग्णाच्या हाती फारसं काही पडत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझं आयुष्य सूक्ष्मदर्शकासमोर गेलं, त्यामुळे या वादात कोणीच न उच्चारलेला हा भाग मला राहून राहून खुपतो.

आधी हे काम नेमकं काय आहे ते पाहू. या कर्करोगात पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होतो, आणि त्यामुळे बऱ्याच जणींचा आजार गर्भाशयापुरता असतानाच लक्षात येतो. तो बाहेर पडलाच, तर अनेकदा ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींकडे जातो. गर्भाशयातली लसीका ज्या ग्रंथीकडे सर्वांत आधी पोचते ती सेंटिनेल ग्रंथी. ती स्वच्छ निघाली तर पुढच्याही स्वच्छ असण्याची शक्यता फार मोठी. ती ओळखण्यासाठी गर्भाशयमुखात, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, थोडा वरवर आणि थोडा खोल असा ट्रेसर, म्हणजे लसीकेचा माग दाखवणारं द्रव्य, टोचतात. निळा रंग साध्या डोळ्यांना दिसतो. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य गॅमा प्रोबच्या आवाजावरून शोधतात. इंडोसायनिन ग्रीन निअर इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात चमकतं आणि ती चमक खास कॅमेराच टिपतो. यातलं औषध नवं नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती यकृत आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी, आणि डोळ्यांच्या इस्पितळांत पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला ते कितीतरी वर्षं वापरात आहे. नवा आहे तो कॅमेरा, आणि खर्चही मुख्यतः त्याचाच.

मग सरळ सगळ्याच ग्रंथी काढून टाकल्या तर? शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा विचार फार काळ राज्य करून गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅलस्टेड या अमेरिकी शल्यविशारदानं स्तनाच्या कर्करोगात स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं काढायची पद्धत रूढ केली, आणि जवळजवळ पाऊण शतक जगभरच्या बायकांनी ती सोसली. जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, हे इतकं उघड वाटत होतं की ते तपासायची गरजच कोणाला भासली नाही. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासायला घेतलं. काखेत हाताला गाठ लागत नव्हती अशा बायकांमध्ये सुरुवातीलाच तिथल्या ग्रंथी काढल्या काय किंवा ठेवल्या काय, २५ वर्षांनंतरही जगण्यात फरक दिसला नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाबाबत हाच धडा फार उशिरा आला. २००८ मध्ये इटलीतून ५१४ स्त्रियांची आणि २००९ मध्ये ‘ॲस्टेक’ या नावानं १,४०८ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटातल्या ग्रंथी सरसकट काढल्यानं आयुष्य वाढतं, असं दोन्हींत दिसलं नाही. ॲस्टेकवर टीकाही झाली: काही ठिकाणी पुरेशा ग्रंथी काढल्याच नव्हत्या, आणि पुढचे उपचार ग्रंथींच्या निकालावर ठरले नव्हते. ही टीका खरी आहे. पण त्यातूनही निघतं ते एवढंच, की ग्रंथींचा उपयोग माहितीसाठी आहे. केमो द्यायची का, किरणोपचार कुठवर द्यायचे, हे त्या सांगतात. आणि माहितीच हवी असेल, तर ती शक्य तितक्या कमी जखमेत मिळवायला हवी.

ही जखम कागदावर लहान दिसते. ओटीपोटातल्या ग्रंथी काढल्यावर काही जणींच्या पायातली लसीका वर चढेनाशी होते. पाय जड होतो, संध्याकाळी सुजतो, मग सकाळीही ती सूज उतरत नाही. कातडी जाड होते, बारीकशा खरचटण्यातूनही संसर्ग होतो. एकदा जडलेला हा विकार पुरता बरा होत नाही, सांभाळावा लागतो, तोही आयुष्यभर, घट्ट मोजे, पट्ट्या आणि व्यायाम यांच्या आधारानं. म्हापशाच्या बाजारात दिवसभर बसून मासळी विकणारीनं, काणकोणात काजूच्या डोंगरावर चढणारीनं, सत्तरीत गुडघाभर चिखलात तरवा लावणारीनं हे कसं सांभाळायचं? फिजिओथेरपीसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत (गोमेकॉ) बसनं येण्यात तिचा दिवस मोडतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडून गोमेकॉत येणारीचं तर त्याहून अवघड. कर्करोगातून सुटलेल्या बाईच्या रोजच्या जगण्यावर एवढी मोठी किंमत लादायची, तर ती गरज म्हणून लादलेली असावी.

आता आकडे. अमेरिका आणि कॅनडात झालेली ‘फिल्म’ ही चाचणी २०१८ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगाच्या १८० स्त्रिया तिच्यात होत्या. प्रत्येकीला आयसोसल्फान ब्ल्यू हा निळा आणि इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा असे दोन्ही रंग टोचले, म्हणजे तुलना एकाच शरीरात झाली. काटेकोर हिशेबात ४८५ ग्रंथी मिळाल्या. हिरव्यानं त्यातल्या ४७१ दाखवल्या, निळ्यानं २२६. वाद घालणारे या आकड्यावर थांबतात. मला त्याच चाचणीतला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंना सेंटिनेल ग्रंथी सापडण्याचं प्रमाण हिरव्यात ७८ टक्के होतं, निळ्यात ३१. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी मांडलेला आणि आता जगभर मानला जाणारा नियम सांगतो, की ज्या बाजूला ग्रंथी सापडणार नाही त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी काढा. तो नियम या आकड्यांना लावून पाहा. निळ्यावर विसंबलं तर शंभरातल्या ६९ बायकांची निदान एक बाजू पूर्ण सोलावी लागेल. हिरव्यावर विसंबलं तर २२ जणींची. त्या ६९ पैकी बहुतेकींच्या ग्रंथींत काहीच निघणार नाही, कारण या अवस्थेत बहुसंख्य स्त्रियांच्या ग्रंथी स्वच्छच असतात. मग निळा स्वस्त कोणाला पडला?

निळ्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे काही मुद्दे मात्र वजनदार आहेत. फिल्म चाचणीला पैसा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीनं दिला होता. तिच्यात आयसोसल्फान ब्ल्यू होता. आपल्याकडे प्रामुख्यानं मिथिलीन ब्ल्यू वापरतात, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. अनुभवी हातांत निळ्याचे निकाल ३१ टक्क्यांपेक्षा चांगले येऊ शकतात. हिरव्यामुळे बायका जास्त जगतात, असं कुठल्याही चाचणीनं दाखवलेलं नाही. हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. कंपनीच्या पैशाचा संशय घ्यायलाच हवा. पण इथे दोन्ही रंग एकाच रुग्णात होते आणि काढलेला प्रत्येक तुकडा ग्रंथी आहे की नाही ते पॅथॉलॉजिस्टनं ठरवलं. अशा रचनेत पक्षपाताला जागा उरते, पण इतका मोठा फरक बनावटपणे उभा करण्याएवढी उरत नाही. जगण्याच्या मुद्द्याचं उत्तर तर वरच आलं: सगळ्या ग्रंथी काढूनही आयुष्य वाढत नाही, तर ट्रेसरकडून ते वाढवण्याची अपेक्षा कशासाठी? त्यानं टाळता येण्याजोगी इजा टाळावी, एवढंच त्याचं काम. शिवाय निळाही अगदी निरुपद्रवी नाही. आयसोसल्फाननं क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. मिथिलीन ब्ल्यू नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचा ठरतो, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकतो.

निळ्याच्या पक्षाचा आवडता दाखला जीवनजलाचा आहे, आणि दाखला म्हणून तो मोठा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आणलं. स्वस्त उपाय महाग उपायाला हरवतो याचं याहून सुंदर उदाहरण नाही. पण तो उपाय जिंकला तो स्वस्त होता एवढ्यासाठी नव्हे. त्यानं तेच काम करून दाखवलं, पाणी शरीरात पोचवलं आणि माणसं वाचवली. निळ्या रंगानं हेच दाखवावं. एखाद्या इस्पितळात मिथिलीन ब्ल्यूनं दहापैकी आठ स्त्रियांच्या दोन्ही बाजू सापडत असतील, तर त्या इस्पितळाला कॅमेरा घ्या असं मी सांगणार नाही. उलट त्यांनी आपले आकडे छापावेत असा आग्रह धरीन. दिल्लीच्या एम्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी फ्लुरोसीन, मिथिलीन ब्ल्यू आणि साधा निळा एलईडी दिवा यांचा मेळ घालून असाच स्वस्त मार्ग शोधला गेला. हा प्रामाणिक रस्ता आहे. आकडे न मोजता ‘आमचं चालतंय’ म्हणणं हा नाही.

टेक्नेशियमबद्दल थोडक्यात. दिसायला ते सगळ्यांत शास्त्रशुद्ध वाटतं, आणि स्तनाच्या कर्करोगात त्याची कामगिरी चांगली आहे. पण त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. त्यासाठी जवळ न्यूक्लियर मेडिसिन विभाग हवा, शस्त्रक्रियेच्या आधी वेगळी भेट हवी, आणि गर्भाशयमुखातलं हे इंजेक्शन जागेपणी दुखतं. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली तेव्हा जगभरातल्या इस्पितळांना टेक्नेशियमची टंचाई सोसावी लागली. फ्रान्समधल्या ‘सेंटी-एंडो’ चाचणीत टेक्नेशियम आणि पेटंट ब्ल्यू हा निळा रंग एकत्र वापरूनही १९ बाधित स्त्रियांपैकी तिघींचा आजार सेंटिनेल ग्रंथीनं दाखवला नाही. आपल्यासाठी हा रस्ता लांबचा आहे.

आता हिरव्याच्या पक्षाकडे वळते, कारण त्यांची चूक मला जास्त महागात पडणारी वाटते. ते ‘फायर्स’ या २०१७ च्या चाचणीतले दोन आकडे सांगतात: संवेदनशीलता, म्हणजे आजार असेल तर तो पकडण्याचं प्रमाण, ९७.२ टक्के, आणि ग्रंथी स्वच्छ म्हटली तर ती खरोखर स्वच्छ असण्याची खात्री ९९.६ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. पण ते कशातून आले? ३४० स्त्रियांमध्ये हिरव्यानं शोध घेऊन पुढे सगळ्या ग्रंथीही काढल्या. ४१ जणींच्या ग्रंथींत कर्करोग होता. त्यातल्या ३६ जणींची किमान एक सेंटिनेल ग्रंथी सापडली होती आणि ३५ जणींमध्ये तिनं आजार दाखवला. ९७.२ टक्के हे या ३६ मधले ३५ आहेत. उरलेल्या पाच जणींच्या ग्रंथींत कर्करोग होता, पण कॅमेऱ्याला त्यांची एकही सेंटिनेल ग्रंथी दिसली नव्हती. ज्या बाजूला दिसत नाही ती बाजू काढायची, हा नियम सोडला तर अशा बायकांचा आजार आत राहतो आणि कागदावर त्या निरोगी ठरतात. आणखी एक गोष्ट. याच फायर्समध्ये हिरवा वापरूनही दोन्ही बाजू सापडल्या त्या निम्म्याच स्त्रियांमध्ये, ५२ टक्के. तोच रंग, तरी फिल्ममध्ये ७८ आणि इथे ५२. फरक कुठून आला? टोचण्याची पद्धत, हाताचा सराव, रंग पसरायच्या आधी उदरपटल (पोटाचं आतलं पातळ आवरण) उघडण्याची घाई, अशा गोष्टींतून. कॅमेरा विकत मिळतो, हा सराव मिळत नाही.

आणि मग ती ग्रंथी फॉर्मेलीनच्या बाटलीत आमच्याकडे येते. नेहमीच्या पद्धतीत ग्रंथी मधोमध कापतात, एक पातळ सेक्शन काढतात, रंगवतात आणि पाहतात. सेंटिनेल ग्रंथीला एवढं पुरत नाही. तिचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करावे लागतात, सगळे काप मेणाच्या (पॅराफिनच्या) ब्लॉकमध्ये घालावे लागतात, प्रत्येक ब्लॉक वेगवेगळ्या खोलीवर कापून स्लाइड कराव्या लागतात, आणि शिवाय सायटोकेरॅटिनचं इम्युनो, म्हणजे कर्करोगाच्या पेशी उठून दाखवणारी प्रतिपिंडांची रंगचाचणी, लावावं लागतं. याला अल्ट्रास्टेजिंग म्हणतात. कर्करोगाच्या पेशींची दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेव, किंवा ०.२ मिलिमीटरहून लहान असे सुटे पेशींचे पुंजके, यातूनच सापडतात. नेहमीच्या एका सेक्शनमध्ये ते सहज निसटतात. सेंटिनेल पद्धतीचा सगळा व्यवहार यावर उभा आहे: ग्रंथी थोड्या काढा, पण ज्या काढाल त्या कसून पाहा. यातला दुसरा भाग गाळला तर आपण फक्त कमी ग्रंथी काढल्या असा अर्थ उरतो. फिल्म चाचणीतही शल्यविशारदांनी सेंटिनेल म्हणून काढलेल्या दर दहा तुकड्यांपैकी साधारण नवांतच ग्रंथी निघाली. बाकी चरबी, नाहीतर चमकणारी लसीकावाहिनी. पॅथॉलॉजिस्टनं ‘यात ग्रंथीच नाही’ असं कळवलं, तर ती बाजू सापडली असं धरता येईल का? अशा अहवालाला शस्त्रक्रियेच्या विभागात कोण उत्तर देणार, हे आधी ठरलेलं हवं.

सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर तंत्रज्ञ कमी असतात, मायक्रोटोम या काप घेणाऱ्या यंत्राच्या पात्या संपतात, इम्युनोचं किट वेळेवर येत नाही. ऑपरेशन थिएटरमधला कॅमेरा उद्घाटनाच्या फोटोत येतो, पॅराफिनचा ब्लॉक येत नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे, की ज्या फाइलमधून कॅमेऱ्याची खरेदी होईल त्याच फाइलमध्ये अल्ट्रास्टेजिंगचा खर्च, एका तंत्रज्ञाची जागा आणि वर्षभराचं इम्युनोचं साहित्य असावं. आणि दोन्ही बाजू सापडण्याचं प्रमाण दर वर्षी जाहीर व्हावं. ते लपवण्यासारखं काही नाही. सुरुवातीला कमी असेल, सरावानं वाढेल. विमा योजनेच्या पॅकेजमध्येही ही तपासणी वेगळी धरावी, नाहीतर इस्पितळं ती निमूट गाळतील.

गोव्यासाठी हे सगळं तातडीचं आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल सांगतात, की मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आहे, २६.४ टक्के. मधुमेह आणि लठ्ठपणा ही गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची मोठी कारणं आहेत, म्हणजे हे रुग्ण आपल्याकडे वाढत जाणार. वजन जास्त असलेल्या बाईत ग्रंथी सापडायला अवघड, आणि सगळ्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया त्याहून अवघड. जिथे निळा सर्वाधिक चुकतो, तिथेच चुकीची किंमत सर्वाधिक.

एक शेवटचा आक्षेप अलीकडे ऐकू येतो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२३ च्या वर्गीकरणात गाठीच्या जनुकीय तपासणीला स्थान मिळालं. पोल, पी-५३, मिसमॅच रिपेअर या जनुकीय खुणांवरून आजाराचा स्वभाव कळतो. उद्या ग्रंथी पाहायची गरजच संपली तर कॅमेरा अडगळीत जाईल, मग आज का घ्यायचा? जनुकीय तपासणी वाढावी असं मलाही वाटतं. पण ती आज प्रत्येक रुग्णाला मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांच्याही उपचारात ग्रंथींचा निकाल अजून धरला जातो. शिवाय हा कॅमेरा एका आजाराचा नाही. आतड्याची टोकं जोडताना तिथे रक्त पोचतं का ते पाहायला, पित्ताशय काढताना पित्तनलिका ओळखायला, स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली ग्रंथी शोधायला तोच कॅमेरा चालतो. अल्ट्रास्टेजिंगसाठी तयार केलेलं टेबल तर स्तनाच्या आणि त्वचेच्या कर्करोगाच्या सेंटिनेल ग्रंथींनाही लागणारच आहे. खरेदी स्त्रीरोग विभागाच्या एकट्याच्या नावावर न टाकता शल्यचिकित्सा आणि पॅथॉलॉजी या विभागांसह एकत्र मांडली, तर खर्चाचा आक्षेप बराच सौम्य होतो आणि कॅमेरा आठवड्यातले बहुतेक दिवस वापरात राहतो.